रविवारची गर्दी, सोमवारची कुलपं: मोठ्या कंपन्या क्लाउडवर जाऊन पैसे नक्की कुठे वाचवतात?

व्हिडिओत घाईघाईत सांगितलेला मुद्दा इथे नीट लिहून काढते. मोठ्या कंपन्या स्वतःचे सर्व्हर सोडून क्लाउडवर गेल्या आणि त्यांचा आयटीचा खर्च उतरला, असं आपण ऐकतो. हे होतं कसं? आणि दरवेळी होतं का?

रविवारी आमच्या केळव्याला या. समुद्रावर गाडी लावायला जागा नसते. सोमवारी या, सुरूच्या बागेत चिटपाखरू नाही. आता एखाद्याने रविवारची गर्दी बघून वीस खोल्या बांधल्या, तर आठवडाभर त्यातल्या पंधरा खोल्यांना कुलूप. पण बँकेचा हप्ता कुलूप बघत नाही, तो सातही दिवसांचा असतो.

कंपनीची सर्व्हर रूम म्हणजे अशाच वीस खोल्या. दिवाळी सेल, महिनाअखेरचे पगार, मार्चचं क्लोजिंग, जो सगळ्यात गर्दीचा दिवस असेल त्या मापाने मशिनं घ्यावी लागतात. आणि खर्च फक्त मशिनचा नसतो बरं का. एसी, यूपीएस, जनरेटर, लायसन्स, एएमसी, रात्रपाळीचा माणूस, शिवाय चार-पाच वर्षांनी मशिन जुनं झालं की परत पहिल्यापासून खरेदी. हे सगळं वेगवेगळ्या खात्यांच्या बिलात लपलेलं असतं, म्हणून मालकाला वाटतं सर्व्हर एकदाच घेतला, आता फुकट चालतोय.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याची मशिनं भाड्याने, लागतील तेवढी, लागतील तेवढा वेळ. लग्नाला पाचशे खुर्च्या आपण विकत घेतो का? मंडपवाल्याकडून आणतो आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवतो.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्या मुंबईचं आहे, हॉटस्टार. त्यांचं काम अॅमेझॉनच्या क्लाउडवर चालायचं. जुलै २०१९ ची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल आठवा. एका क्षणी तब्बल २.५३ कोटी लोक एकाच वेळी हॉटस्टारवर मॅच बघत होते. धोनी खेळत होता तोवर आकडा चढत गेला, तो रनआउट झाला आणि आकडा धाडकन खाली आला. (मीही त्यातलीच, तिथेच मोबाईल ठेवून दिला.) त्या तासाभराच्या मापाने स्वतःचे सर्व्हर घेतले असते, तर वर्षातले बाकीचे दिवस त्यातले बहुतेक नुसते धूळ खात पडले असते. हॉटस्टारची टीम मॅचच्या आधी जादा सर्व्हर उभे करायची आणि गर्दी ओसरली की सोडून द्यायची.

वाचलेला पैसा सगळा या 'सोडून देण्यात' आहे. इथेच बऱ्याच कंपन्या गंडतात.

साधा हिशोब बघा. आठवड्याचे तास १६८. ऑफिस सहा दिवस, रोज दहा तास, म्हणजे ६० तास. फक्त ऑफिसच्या वेळेत लागणारी मशिनं रात्री आणि रविवारी बंद ठेवली, तर १०८ तासांचं भाडं वाचतं, म्हणजे जवळपास ६४ टक्के. तीच चालू राहिली तर क्लाउडवर जाऊन काही मिळवलं नाही, उलट बिल वाढायचीच शक्यता जास्त. जुन्या सर्व्हर रूममध्ये जेवढी मोठी मशिनं होती तेवढीच क्लाउडवर भाड्याने घेणं, हा तर नेहमीचा घोळ. नव्या घरात जाताना माळ्यावरचं भंगारही टेम्पोत भरून नेण्यासारखं.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, स्वतः मार खाल्लाय. आधी माझं सगळं बिलिंग दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर होतं. समुद्राची खारी हवा मशिनला काय करते हे इथल्या लोकांना सांगायला नको. ऐन दिवाळीच्या तोंडावर तो बसला आणि वर्षभराची उधारी त्याच्यासोबत गेली. ज्यांनी आपणहून येऊन पैसे दिले त्यांचे मिळाले, बाकीचे बुडाले. मग ऑनलाइन बिलिंग घेतलं, तेव्हा बोईसरलाही काउंटर होता म्हणून दोन्ही ठिकाणांसाठी. पावसाळ्यानंतर बोईसरचा काउंटर बंद केला, पण त्याचा प्लॅन बंद करायचा राहिला. महिना १,२०० रुपये, ऑटो-डेबिट, नऊ महिने. १०,८०० रुपये! कोणी फसवलं नाही, मीच बघितलं नाही.

मग क्लाउड सगळ्यांनाच परवडतो का? नाही. ड्रॉपबॉक्स ही अमेरिकन कंपनी उलट दिशेने गेली. लोकांच्या फाइली साठवून ठेवणं हाच त्यांचा धंदा, म्हणजे साठा कायम भरलेला, रविवार-सोमवार असा फरकच नाही. त्यांनी बहुतेक डेटा अॅमेझॉनच्या क्लाउडवरून काढून स्वतःच्या मशिनवर नेला आणि २०१६ व २०१७ या दोन वर्षांत मिळून सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. खोल्या बारा महिने भरणार असतील तर बांधलेल्याच बऱ्या. अर्थात तेवढी मशिनं सांभाळणारी तगडी टीम त्यांच्याकडे होती.

म्हणून तारापूर एमआयडीसीत तुमचं युनिट असेल आणि एकाच सर्व्हरवर तिन्ही पाळ्यांना सारखंच काम चालत असेल, तर कोणी 'क्लाउडवर चला' म्हटल्यावर लगेच सही करू नका. आधी जुन्या सर्व्हरचा पाच वर्षांचा सगळा खर्च, वीज आणि माणसाच्या पगारासकट, एका कागदावर मांडा. शेजारी क्लाउडचं ६० महिन्यांचं भाडं लिहा. एक गोष्ट मात्र जरूर विचारा: उद्या आमचा डेटा बाहेर काढायचा झाला तर किती पैसे लागतील? डेटा आत टाकायला सहसा पैसे पडत नाहीत, बाहेर काढताना मीटर पडतो.

आणि तुमचं माझ्यासारखं छोटं दुकान असेल, तर आज रात्री गल्ला मोजून झाला की बँकेच्या अॅपमध्ये ऑटो-डेबिटची यादी उघडा. प्रत्येक नावापुढे लिहा, हे गेल्या महिन्यात कोणी, किती वेळा वापरलं. उत्तर आठवत नसेल तर तो प्लॅन बंद करा. पण आधी त्यातला डेटा उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या, आणि तो पेन ड्राइव्ह दुकानात नाही, घरी ठेवा.