रांग लावणारा स्वतः रांगेत नाही

११ डिसेंबर २०१८ रोजी गूगलचे मुख्याधिकारी सुंदर पिचाई अमेरिकन संसदेच्या न्यायविषयक समितीसमोर बसले होते. खासदार झोई लोफग्रेन यांनी त्यांना विचारलं, की गूगलच्या चित्रशोधात ‘इडियट’ हा शब्द टाकला की डोनाल्ड ट्रम्प यांची छायाचित्रं का येतात? पिचाईंनी यंत्राचं काम समजावून सांगितलं. अब्जावधी पानांची नोंद आधीच झालेली असते. शब्द आला की दोनशेहून अधिक निकष लावून त्याला कोणती पानं जुळतात हे यंत्र ठरवतं. म्हणजे पडद्याआड बसून कोणी माणूस चित्रं निवडत नाही तर, असं लोफग्रेन यांनी वदवून घेतलं. समितीतल्या रिपब्लिकन सदस्यांचं मात्र त्याने समाधान झालं नाही. गंमत अशी, की दोन्ही बाजूंच्या डोळ्यांसमोर चित्र एकच होतं: पडदा आणि त्यामागचा माणूस. एका बाजूला तो दिसत होता, दुसरीला दिसत नव्हता, इतकाच फरक. सर्च इंजिनांच्या पक्षपाताची चर्चा आजही बहुधा तिथेच अडकते. राजकीय पक्षपाताचा आरोप सर्वांत मोठ्या आवाजात होतो, पण त्याचा पुरावा सर्वांत विरळ आहे. धंद्यातल्या पक्षपाताचा पुरावा न्यायालयांच्या कागदांत जाडजूड होऊन पडला आहे, आणि तो सिद्ध करायला पडद्यामागच्या माणसाची गरजच पडलेली नाही.

मुळात क्रमवारी आणि तटस्थता यांचं जमणं अवघड. दहा लाख पानांतून दहा वर आणायची, तर उरलेल्यांना मागे ढकलावंच लागतं, आणि कशाच्या जोरावर ढकलायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं. गूगलची मूळ कल्पना सोपी होती. एका पानाने दुसऱ्याचा दुवा दिला, तर ते त्याला दिलेलं मत समजायचं; ज्याला स्वतःलाच भरपूर मतं आहेत, त्याच्या मताला वजन जास्त. गावात सरपंचाच्या शब्दाला असतं, वाटसरूच्या नसतं, तसंच. ही मतं ठरवून टाकताही येतात. २००३ मध्ये अनेकांनी संगनमताने दुवे देऊन ‘मिझरेबल फेल्युअर’ या शब्दांपुढे जॉर्ज बुश यांचं अधिकृत चरित्रपान पहिलं आणलं होतं, आणि गूगलने त्यावर उपाय केला तो थेट जानेवारी २००७ मध्ये. ‘इडियट’चा प्रकार याच जातीचा. पुढे दुव्यांच्या जोडीला लोकांच्या क्लिक आल्या. अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या खटल्यात कंपनीच्याच अधिकाऱ्याने साक्ष दिली, की ‘नॅव्हबूस्ट’ नावाची यंत्रणा तेरा महिन्यांच्या क्लिकची नोंद क्रमवारीसाठी वापरते. इथे एक चक्र सुरू होतं: जे वर आहे त्यावर लोक क्लिक करतात, आणि क्लिक होतात म्हणून ते वर राहतं. शिवाय जिथे मतदारच थोडे, तिथे थोड्या मतांवर निवडून येता येतं. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, पण वेबवर मराठी पानं त्या मानाने किरकोळ. एखाद्या औषधाविषयी मराठीत शोधलं, तर पहिलं पान डॉक्टरने लिहिलेलं असेलच असं नाही. ते फक्त उपलब्ध पानांतलं पहिलं असतं. या साऱ्याला कल म्हणता येईल. कट म्हणायचा, तर जास्त काही दाखवावं लागेल.

राजकीय आरोपात हे ‘जास्त काही’ सापडत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ट्रम्प यांनी जाहीर केलं, की ‘ट्रम्प न्यूज’ शोधलं तर ९६ टक्के निकाल डाव्या माध्यमांचे येतात. हा आकडा एका उजव्या विचारांच्या संकेतस्थळावरच्या मोजणीतून आला होता. तिथे मुख्य प्रवाहातली बहुतेक माध्यमं डाव्या रकान्यात टाकणारा एक तक्ता वापरला होता, आणि मोजणी शास्त्रशुद्ध नसल्याचं मोजणाऱ्या लेखिकेनेच कबूल केलं होतं. पट्टीच वाकडी धरली, तर भिंत वाकडी दिसणारच. २०१९ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने जास्त नेटाने मोजणी केली. एखाद्या वृत्तसंस्थेचा वाचकवर्ग आणि विश्वासार्हता पाहता तिला गूगलवर किती जागा मिळायला हवी याचा अंदाज बांधला, आणि प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिला. वैचारिक झुकाव आढळला नाही. नावलौकिक असलेल्या वार्तांकनाला झुकतं माप होतं. आता यावर कोणी म्हणेल, की ‘नावलौकिक’ हाच तर वाद आहे, तो ठरवणारे कोण? आक्षेप रास्त आहे. पण तो मान्य केला, तरी सिद्ध होतं ते एवढंच, की प्रस्थापितांना फायदा मिळतो. त्यामागे राजकीय हेतू आहे हे त्यातून निघत नाही.

याच्या उलट टोकाला रॉबर्ट एप्स्टाइन आणि रोनाल्ड रॉबर्टसन यांचं २०१५चं संशोधन हमखास पुढे केलं जातं. अमेरिका आणि भारतातल्या ४,५५६ जणांवर पाच प्रयोग झाले. त्यांतला एक आपल्या २०१४च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात, मत न ठरवलेल्या खऱ्या मतदारांवर. लुटुपुटीच्या सर्च इंजिनात कोणाला मोदी, कोणाला राहुल गांधी, तर कोणाला केजरीवाल यांच्या बाजूचे निकाल वर दिसतील अशी मांडणी केली होती. पक्षपाती क्रमवारीमुळे अशा मतदारांचा कल २० टक्के किंवा त्याहूनही जास्त फिरवता येतो, आणि तोही त्यांच्या लक्षात न येता, असा लेखकांचा निष्कर्ष होता. प्रयोग महत्त्वाचा आहे. पण सुरी कापते हे सिद्ध झालं म्हणून खून झाला असं ठरत नाही. याच रॉबर्टसन यांनी सहकाऱ्यांबरोबर २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेलं काम फारसं कोणी उद्धृत करत नाही. अमेरिकेतल्या दोन निवडणुकांच्या काळात लोकांना गूगलने काय दाखवलं आणि लोकांनी प्रत्यक्षात काय उघडलं, याची त्यात तुलना होती. लोकांनी उघडलेल्या बातम्या गूगलने दाखवलेल्यांपेक्षा जास्त एकांगी निघाल्या.

सत्तेचा हात क्रमवारीत खरोखर शिरतो तेव्हा तो सहसा लपूनछपून येत नाही, कायद्याची वर्दी घालून येतो. रशियात १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या बातमीसंकलकांना, म्हणजे मुख्यतः यांडेक्स या रशियन सर्च इंजिनाला, नोंदणीकृत नसलेल्या माध्यमांच्या मजकुराची जबाबदारी स्वतःवर घ्यावी लागू लागली. परिणाम उघड होता: बातम्यांच्या यादीत सरकारदरबारी नोंद असलेलेच उरले. यंत्राला हात लावायची गरज पडली नाही. मैदानात कोण उतरणार हेच ठरवल्यावर शर्यत कितीही प्रामाणिकपणे घेता येते.

आता धंद्याकडे वळू. याविषयीचा पहिला इशारा गूगलच्या संस्थापकांनीच दिला होता. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना लिहिलेल्या शोधनिबंधाच्या परिशिष्टात म्हटलं आहे, की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकेल आणि ग्राहकांच्या गरजेपासून दूर जाईल. त्यांनी उदाहरणही नेमकं दिलं होतं. त्यांच्या यंत्रावर ‘सेल्युलर फोन’ शोधलं, तर वरच गाडी चालवताना फोनवर बोलण्याचे धोके सांगणारा अभ्यास येत असे. फोन कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या यंत्राला असा निकाल आपल्या गिऱ्हाइकांपुढे समर्थनीय ठरवणं जड गेलं असतं. दोनच वर्षांनी गूगलने जाहिराती विकायला सुरुवात केली.

तरीही सिद्ध झालेला पक्षपात जाहिरातदारांसाठीचा नाही, स्वतःच्या दुकानासाठीचा आहे. २७ जून २०१७ रोजी युरोपीय आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला. आयोगाला आढळलं ते असं: वस्तूंच्या किमतींची तुलना करून देणाऱ्या इतर संकेतस्थळांना खाली ढकलणारे निकष गूगलने क्रमवारीत लावले, पण स्वतःच्या तशाच सेवेला ते लागूच नव्हते. तिची चौकट चित्रांसकट पानाच्या वरच्या भागात झळकत असे, आणि सर्वांत वरचा प्रतिस्पर्धी सरासरी चौथ्या पानावर सापडे. चौथं पान म्हणजे काय, हेही आयोगाने मोजून ठेवलं आहे: पहिल्या पानावरच्या दहा निकालांना सुमारे ९५ टक्के क्लिक मिळतात, दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाला जेमतेम एक टक्का. इथे निकष चुकीचे होते की बरोबर, हा प्रश्नच उरत नाही. रांग कडक शिस्तीची होती. फक्त ती लावणारा स्वतः रांगेत उभा नव्हता.

भारतातही हाच धागा सापडतो. भारतमॅट्रिमनी चालवणारी कंपनी आणि जयपूरची ‘कट्स’ ही ग्राहकसंस्था यांच्या २०१२च्या तक्रारींवर भारतीय स्पर्धा आयोगाने ८ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल दिला, आणि गूगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड केला. बातम्या, चित्रं, नकाशे अशा खास निकालांच्या जागा २०१० पर्यंत पहिली, चौथी आणि दहावी अशा आधीच मुक्रर होत्या. त्या त्यांनी गुणांवर कमावलेल्या नव्हत्या. विमानप्रवासाच्या शोधात येणारी चौकट गूगलच्याच सेवेकडे नेत होती, हेही आयोगाला खटकलं. मात्र बाकीचे बरेच आरोप आयोगाने फेटाळले, आणि दोन सदस्यांनी तर निकालाशी असहमती नोंदवली. हे सांगायला हवं, कारण चित्र वाटतं तितकं काळं-पांढरं नाही.

अमेरिकेत तर संघीय व्यापार आयोगाने अशीच चौकशी जानेवारी २०१३ मध्ये बंद केली होती. या चौकटींनी वापरणाऱ्याची सोय होते, असं त्यांचं म्हणणं होतं. सोय होते, यात शंकाच नाही. विमानाच्या वेळा एका नजरेत दिसल्या तर कोणाला नको असतात? पण चौकट सोयीची आहे, एवढ्याने ती आतून गूगलचीच का असावी आणि तिला खाली ढकलणारा निकष तिच्यापुरता का गळावा, याचं उत्तर मिळत नाही. युरोपातला उपाय तर आणखी बोलका आहे. दंडानंतर गूगलने त्या चौकटीतल्या जागा प्रतिस्पर्ध्यांना खुल्या केल्या, पण लिलावाने. पूर्वी जी जागा मिळत नव्हती, ती आता बोली लावून घ्यायची.

दुसरा आक्षेप नेहमीचा: आवडत नसेल तर दुसरं सर्च इंजिन एका क्लिकवर आहे. अमेरिकी सरकारच्या वर उल्लेखलेल्या खटल्यात वॉशिंग्टनमधले न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिलेल्या निकालात याला आकड्यांतच उत्तर आहे. फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच इंजिन आधीपासून बसवलेलं असावं, यासाठी गूगलने एकट्या २०२१ मध्ये २,६३० कोटी डॉलर मोजले. लोक सहज दुसरीकडे वळत असते, तर दारातली जागा एवढी महाग झाली नसती. गूगल बेकायदा मक्तेदारी टिकवत असल्याचं मेहतांनी ठरवलं. पण सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना त्यांनी एकाधिकाराच्या करारांवर बंदी घातली, आणि पैसे मोजायची मुभा मात्र ठेवली.

युरोपातल्या प्रकरणाची सुरुवात शिवॉन आणि ॲडम राफ या ब्रिटिश दांपत्याच्या ‘फाउंडेम’पासून झाली होती. किमतींची तुलना करणारं हे संकेतस्थळ २००६ मध्ये सुरू झालं आणि काही दिवसांतच गूगलच्या निकालांत तळाला गेलं. २००९ मध्ये त्यांनी आयोगाकडे तक्रार नेली. युरोपीय न्यायालयाने १० सप्टेंबर २०२४ रोजी दंड अखेरचा कायम केला, तेव्हा फाउंडेम बंद होऊन आठ वर्षं झाली होती.