उन्हाळ्याचा स्वयंपाक पाणवठ्यावर सुरू होतो

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळ्याच्या रस्त्याला लागले की सूर्यमाळ लागते. मोखाडा तालुक्यातले हे उंचावरचे गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. मुंबई-नाशिकची माणसे याला थंड हवेचे ठिकाण म्हणून ओळखतात. पावसाळ्यात धुके पाहायला येतात, हिवाळ्यात शेकोटी करून जातात. आम्ही मात्र मागच्या मे महिन्यात, चार कार्यकर्त्यांसोबत, भर उन्हाळ्यात तिथे गेलो होतो. एका पाड्यावर दोन दिवस राहिलो. तेव्हा जे पाहिले ते आमच्या माता-भगिनींना आणि विशेषतः आमच्या बांधवांना सांगावे म्हणून हा लेख.

रात्री गार वारा सुटतो, पांघरूण लागते. पण सकाळचे नऊ वाजले की माळ तापू लागतो. दुपारी डोंगर उघडेबोडके दिसतात, गवत वाळून पिवळे पडलेले असते आणि दगडाला हात लावता येत नाही. वाळवंटात जी माणसे राहतात त्यांच्यासारखाच इथल्या माणसांचा उन्हाळ्यातला दिवस सूर्याच्या चालीवर बेतलेला असतो. कष्टाचे काम उजाडण्यापूर्वी, नाहीतर उन्हे कलल्यावर.

पहाटे साडेचारला आम्हाला भांड्यांच्या आवाजाने जाग आली. ज्या घरी उतरलो होतो तिथली मावशी हंडा-कळशी घेऊन निघाली होती. सोबत सून आणि दहा-अकरा वर्षांची नात. आम्ही म्हटले, "मावशी, एवढ्या लवकर?" ती म्हणाली, "भाऊ, उशीर झाला तर विहिरीत गाळच उरतो." आम्हीही मागोमाग गेलो. विहिरीचा तळ दिसत होता. एक बाई आत उतरून वाटीने पाणी कळशीत भरत होती आणि बाकीच्या काठावर नंबर लावून बसल्या होत्या. त्या रांगेत एकही पुरुष नव्हता.

पाऊस भरपूर, पाणी नाही

जव्हार-मोखाड्यात पाऊस कमी पडतो असे कोणी समजू नये. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे पडतो. मराठवाड्यातल्या कितीतरी तालुक्यांच्या तिप्पट-चौपट! पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार तीव्र. पडलेले पाणी मुरत नाही, वाहून जाते. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात, होळीनंतर विहिरी तळ गाठतात आणि मग टँकरची वाट पाहणे सुरू होते.

वाहून गेलेले पाणी जाते कुठे? वैतरणा नदीत. या नदीवर १९५७ साली मोडकसागर धरण झाले. पुढे उर्ध्व वैतरणा झाले. मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणा धरण उभे राहिले आणि २०१४ पासून त्याचे पाणी मुंबईला मिळू लागले. या एका धरणातून मुंबईला दररोज ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळते. आमच्यापैकी जे मुंबईत चाळीत, झोपडपट्टीत राहतात त्यांच्या नळाला येणाऱ्या पाण्यातही वैतरणेचा वाटा आहे. नळाची वेळ अर्धा तास आणि त्यातही धार बारीक, ही आपली तक्रार खरीच आहे. पण ते पाणी ज्या डोंगरातून आले, तिथली बाई वाटीने कळशी भरते हेही तितकेच खरे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ज्या समाजाने पाण्याचा हक्क बजावला, त्या समाजाला हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

हिशेब हंड्याचा

आम्ही पेशाने कारकून. जिथे जावे तिथे हिशेब मांडायची सवय. जल जीवन मिशन या सरकारी योजनेत खेड्यातल्या प्रत्येक माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर झाले. डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी, मिळून वीस-बावीस लिटर पाणी येते. म्हणजे बारा-तेरा खेपा. एका खेपेला जाणे, नंबर लागणे, भरणे, चढ चढून येणे, अर्धा तास धरला तरी सहा तास पाण्यातच गेले! मग शेण-गोठा, राबासाठी पालापाचोळा गोळा करणे, मजुरी, मुले, स्वयंपाक हे कधी करायचे?

त्याचे उत्तर सोपे आहे. ती एवढे पाणी आणतच नाही. चार-पाच खेपांत भागवते आणि घर तेवढ्यावर चालवते. म्हणून उन्हाळ्यात काय शिजवायचे हे चुलीपाशी ठरत नाही, पाणवठ्यावर ठरते. मावशीच्या घरचा स्वयंपाक आम्ही दोन दिवस पाहिला आणि त्यातली प्रत्येक गोष्ट पाणी, सरपण आणि ऊन या तिन्हींचा विचार करून होत होती हे आमच्या लक्षात आले.

चूल एकदाच पेटते

पाण्याहून आल्यावर सहाच्या आत चूल पेटली. नागलीच्या भाकरी थापल्या गेल्या. दिवसभराच्या भाकरी एकदाच. त्याच निखाऱ्यावर सुकट भाजली, कांदा-मिरची भाजली आणि पाट्यावर कैरी घालून चटणी वाटली. उडदाची पातळ आमटी एका तवलीत झाली. आठ वाजता चूल विझली ती संध्याकाळपर्यंत पेटली नाही. दुपारी भाकर, चटणी, कांदा आणि थंड पेज. भाताची पेज ओतून टाकण्याचा प्रश्नच नाही. तीच तहान भागवते आणि पोटालाही आधार देते. भांडी आधी राखेने घासून कोरडी पुसतात आणि मग तांब्याभर पाण्यात विसळतात. विसळलेले पाणी कोंबड्यांना आणि दारच्या वेलाला.

रात्री मावशीने नागलीचे पीठ पाण्यात कालवून झाकून ठेवले. सकाळी ते किंचित आंबले होते. त्याची आंबील झाली. उन्हात कामाला जाणारा प्रत्येकजण दोन वाट्या आंबील पिऊनच घराबाहेर पडला.

ही समज एकट्या सूर्यमाळची नाही. राजस्थानात थरच्या वाळवंटाकडे बाजरीचे पीठ ताकात शिजवून राब करतात आणि उन्हाळ्यात ती गार करून पितात. धान्य वेगळे, भाषा वेगळी, पण युक्ती तीच. तापलेल्या मुलखात शरीराला पाणी, मीठ आणि पचायला हलके अन्न एकाच वाटीतून द्यायचे. हे शास्त्र कष्टकरी बायकांनी पुस्तक न वाचता तयार केले.

आणि या नागलीला आपण काय मानतो? गरिबाचे, मागासलेल्यांचे धान्य! शहरात आलो की आधी भाकरी सोडतो आणि पांढरा तांदूळ, मैद्याचे पाव यात मोठेपणा मानतो. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. वाढत्या मुलांच्या आणि बाळंतिणीच्या हाडांना काय हवे ते यावरून कळावे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. आता मोठ्या हॉटेलात नाचणीचे पदार्थ मिळतात. ज्यांनी हे धान्य जपले त्यांच्या घरात मात्र शेताचा तुकडा लहान, पीक वर्षभर पुरत नाही आणि पुढे रेशनच्या तांदळावर दिवस काढावे लागतात.

हेही विसरता कामा नये की धान्य चांगले असून चालत नाही, ते पोटभर असावे लागते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने लहान मुले दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. ज्या डोंगरात नागली पिकते त्याच डोंगरातली ही गोष्ट. भात कापून झाला की रोजगारासाठी घरेच्या घरे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. तिथे तान्ही मुले उन्हात, आई कामावर. कुटुंबाचा उन्हाळा असा दोन ठिकाणी विभागला जातो. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या पाणी भरतात आणि नातवंडे सांभाळतात.

सावलीचा कायदा कोणासाठी?

आपल्यापैकी काहीजण आखाती देशांत कामाला जाऊन आले आहेत. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते. कामगाराचा जीव उन्हाने जाऊ नये म्हणून हा नियम. चांगलाच आहे. पण चुलीपुढे बसलेल्या बाईसाठी जगात कुठे असा नियम आहे का? बाहेर ऊन, आत धग आणि धूर. तिच्या विश्रांतीची वेळ कोणत्या सरकारने ठरवली नाही आणि घरातल्या पुरुषांनीही ठरवली नाही.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसच्या शेगड्या पाड्यांवरही पोहोचल्या. मावशीच्या घरीही शेगडी आहे. सिलिंडर मात्र पाहुणा आला, पाऊस लागला किंवा सून आजारी पडली तरच वापरतात, कारण भरून आणायला रोख पैसे लागतात. मावशीचे घर कुडाचे आहे. कारवीच्या काठ्यांवर माती-शेण लिंपलेल्या भिंती आणि वर कौले. दुपारी आत बरे वाटते. शेजारी नवे पत्र्याचे घर होते, त्यात बारा वाजता पाऊल ठेववत नव्हते. आमच्या मुंबई-ठाण्यातल्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या भगिनी तो अनुभव रोजच घेतात.

आपल्या घरी काय करता येईल?

स्वयंपाक सकाळी आठच्या आत आटोपावा. दुपारी शेगडी पेटवू नये. कडधान्य रात्री भिजवले तर लवकर शिजते, गॅस वाचतो आणि खोली तापत नाही. उन्हाळ्यात अन्न लवकर विटते, म्हणून डाळ-भात दुपारपुरताच करावा आणि संध्याकाळसाठी भाकरी-चटणी ठेवावी. मडक्यातले पाणी गार होते ते पाझरून बाहेर आलेले पाणी वाऱ्याने सुकते म्हणून. कोरड्या हवेत हे चांगले होते. मुंबईच्या दमट हवेत कमी होते, म्हणून मडके खिडकीच्या वाऱ्यात ठेवावे.

आंबील अशी करावी : एक वाटी नाचणीचे पीठ दोन वाट्या पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी सहा वाट्या पाणी उकळावे, त्यात मीठ आणि कालवलेले पीठ ओतावे आणि गुठळ्या होऊ न देता दहा मिनिटे शिजवावे. गार झाल्यावर दोन वाट्या ताक, ठेचलेला लसूण आणि जिरे घालावे. ताक नसेल तर नुसती आंबीलही चालते. त्याच दिवशी संपवावी.

उन्हामुळे उलटी-जुलाब होऊन मूल मलूल झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे आणि दवाखान्यात न्यावे. अंग भट्टीसारखे तापले, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर सावलीत आणून ओल्या फडक्याने अंग पुसावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

हे सगळे करायचे कोणी? "बाईने" असे उत्तर येणार असेल तर हा लेख वाया गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघे कार्यकर्ते कळशा घेऊन विहिरीवर गेलो. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. दोन खेपांत आमची मान अवघडली आणि चढावर धाप लागली. मावशीचा नातू, चांगला विशीतला, अंगणात खाटेवर बसून हे पाहत होता. तिसऱ्या खेपेला तो उठला आणि काही न बोलता आजीच्या डोक्यावरचा हंडा त्याने उतरवून घेतला. मावशी म्हणाली, "भाऊ, तुम्ही गेल्यावरही हा उठेल तर खरं."

बांधवांनो, मावशीची ही शंका आपल्या सर्वांच्या घराला लागू आहे. पाड्यावर विहीर असो की चाळीत सार्वजनिक नळ, उद्या पहाटे हंडा कोण उचलणार? सभेत समतेवर बोलणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांनी पहिला नंबर तिथे लावावा. मुलीची शाळा पाण्यापायी बुडू देऊ नये. मुलग्यालाही भाकरी थापायला शिकवावे. आणि दुपारच्या उन्हात घरातल्या सगळ्यांबरोबर तिलाही घटकाभर पाठ टेकता आली पाहिजे, एवढे तरी या उन्हाळ्यात ठरवू या.