घोड्यावरून टपाल, तेही आजच्या काळात! अमेरिकेतल्या हॉलब्रुकची ही प्रथा आहे तरी काय?

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात हॉलब्रुक नावाचं छोटं शहर आहे. दरवर्षी हिवाळ्यात इथून टपालाच्या थैल्या घोड्यावर चढतात आणि सुमारे ३२० किलोमीटरवरच्या स्कॉट्सडेलला पोहोचतात. नाव 'हॅशनाइफ पोनी एक्सप्रेस'. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही प्रथा सुरू झाली.

ही नुसती मिरवणूक नाही बरं का. थैलीत लोकांची खरी, तिकीट लावलेली पत्रं असतात, तीही हजारोंनी. टपाल खात्याची याला मान्यता आहे. निघण्याआधी स्वारांना टपाल सुखरूप पोहोचवण्याची शपथ घ्यावी लागते. म्हणजे पत्र गहाळ झालं, तर 'जत्रेत हरवलं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

एकच स्वार सगळा रस्ता धावत नाही. तो थोडं अंतर घोडा भरधाव सोडतो आणि पळता पळताच थैली पुढच्याच्या हातात देतो. दमलेला घोडा गाडीत चढवून पुढे नेतात. वाटेत मोगोलॉन रिम हा मोठा डोंगरकडा लागतो, तिथं बर्फही असू शकतो. खाली पेसन गाव, पुढे निवडुंगाचं वाळवंट.

'हॅशनाइफ' म्हणजे मांस बारीक करायची सुरी. इथल्या एका जुन्या गुरं पाळणाऱ्या कंपनीच्या जनावरांवर त्याच आकाराचा डाग असायचा. तेच नाव स्वारांनी घेतलं.

गंमत म्हणजे इतिहासातली मूळ पोनी एक्सप्रेस अ‍ॅरिझोनातून गेलीच नव्हती. ती एप्रिल १८६० मध्ये मिसुरीतल्या सेंट जोसेफहून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोपर्यंत सुरू झाली. सुमारे ३,००० किलोमीटर, साधारण दहा दिवसांत. सुरुवातीला अर्ध्या औंसाला, म्हणजे जेमतेम १४ ग्रॅमला, पाच डॉलर पडायचे. गरिबाचं ते काम नव्हतं. ऑक्टोबर १८६१ मध्ये तार देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडली गेली आणि दीड वर्षातच घोडे थांबले. हॉलब्रुकचे मात्र साठ वर्षांहून जास्त काळ धावताहेत.

पत्र पाठवायचं कसं? पाकिटावर नेहमीचं तिकीट लावायचं, खाली डाव्या कोपऱ्यात 'पोनी एक्सप्रेसने' असं इंग्रजीत लिहायचं आणि ते दुसऱ्या पाकिटात घालून हॉलब्रुकच्या पोस्टमास्तरांकडे धाडायचं. त्यावर खास शिक्का बसतो. स्कॉट्सडेलला थैल्या टपाल खात्याच्या ताब्यात दिल्या की पुढचा प्रवास इतर टपालासारखाच, घरोघरी पोस्टमनच्या हातून.