फायटर जेटचं इंजिन खोलणारी माणसं

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजचं बोलणं इथे लिहून देतोय.

हिंगणघाटचा माझा मामेभाऊ यंदा बारावी झाला. परवा त्याचा फोन, "दादा, मले फायटर जेटचं इंजिन रिपेअर कराचं हाय. तुयासारखं लॅपटॉपसमोर नाही बसाचं." मी बीटेक, सॉफ्टवेअरवाला. आधी हसलो, मग माहिती काढायला बसलो.

हे काम होतं कुठे? हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्या शेजारी, नागपूरला आहे. पण ते ऑफिस. लढाऊ विमानं पूर्ण खोलून दुरुस्त होतात नाशिकजवळ ओझरला, 11 बेस रिपेअर डेपोत. मिग-29 तिथलंच काम, आणि 2018 मध्ये ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-30 तिथून बाहेर पडलं. सुखोईचं इंजिन मात्र ओडिशातल्या कोरापुटला, एचएएलच्या कारखान्यात बनतं आणि ओव्हरहॉल होतं.

ओव्हरहॉल म्हणजे काय? ठरलेले तास उडाल्यावर इंजिन बिघडलेलं नसलं तरी उतरवतात. सुटं करतात, धुतात, एकेक भाग तपासतात. टर्बाइनच्या पात्यांभोवतीचा वायू त्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षाही गरम असतो. पात्यातल्या बारीक भोकांतून थंड हवा फिरते म्हणून पातं टिकतं. ती भोकं बुजली की पातं गेलं. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला चमकणारं द्रव्य लावून अतिनील प्रकाशात बघतात. मग जुळणी, फिरणाऱ्या भागांचं बॅलन्सिंग आणि शेवटी टेस्ट बेडवर इंजिन पूर्ण ताकदीने चालवून बघणं.

शिफ्ट संपताना प्रत्येक पाना मोजतात. एक जरी कमी भरला, तर तो सापडेपर्यंत काम पुढे जात नाही. कारण आत राहिलेला एक नट सगळी पाती फोडू शकतो. प्रत्येक टप्प्यावर करणाऱ्याची सही, आणि तपासणाऱ्याची वेगळी.

इथे मला माझंच आठवलं. एका शुक्रवारी मी घाईत कोड चढवला आणि पेमेंटचं पान वीस मिनिटं बंद. जुनं व्हर्जन परत टाकलं, विषय संपला. हवेत असलेल्या इंजिनाला जुनं व्हर्जन नसतं. मिग-21 ला तर इंजिनच एक होतं. ते बंद पडलं की पायलटकडे काही सेकंद.

आता मामाचा प्रश्न, "चार वर्षांनी काय?" बरोबर आहे. अग्निवीर म्हणून गेलास तर चार वर्षं, आणि पुढे जास्तीत जास्त 25 टक्के कायम होतात. ट्रेडही हवाई दल ठरवतं, आपण नाही. बाहेर मिहानमध्ये विमानांचा दुरुस्ती तळ आहे, पण नागरी विमानावर सही करायला डीजीसीएचं वेगळं लायसन्स लागतं.

म्हणून भावाला म्हटलं, आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा कर. बारावीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं का ते बघ. डिप्लोमावाल्यांनाही हवाई दलाची भरती खुली असते, एचएएलची अप्रेंटिसशिपही असते. नाहीच जमलं, तरी हातात शिक्षण राहतं.

तो म्हणाला, "दादा, पाने मोजाचं काम मले आतापासूनच जमते." मामाचं गॅरेज आहे ना.

तुमच्या घरी कोणी या कामात असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला!