निद्रा, मन आणि गाणगापूरची वाट

बिदर, भालकी, हुमनाबादकडील वैशाखातली दुपार कशी असते, हे तिकडच्या श्रोत्यांना सांगावयास नको. तांबडी माती तापते, वारा पडतो आणि जेवणे आटोपली की वडीलधारी मंडळी वामकुक्षीला पडतात. हा आळस नव्हे. ग्रीष्मात रात्री लहान असतात व शरीरात रूक्षता वाढते. म्हणून त्या ऋतूत दिवसा निजण्यास चरकसंहितेने मोकळीक दिली आहे. इतर ऋतूंत मात्र तीच झोप कफ-पित्त वाढविते. तरीही बालक, वृद्ध, दुर्बल, तसेच ओझे वाहून वा वाट चालून थकलेला माणूस, यांना शास्त्राने त्याही ऋतूंत सूट दिली आहे.

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे आयुर्वेदाने शरीराचे तीन उपस्तंभ मानले. मन थकले आणि इंद्रिये विषयांपासून परतली की झोप येते, असे चरकाचार्य सांगतात. अर्थात मन परतलेच नाही, तर झोप कोठून येणार? यासाठी अभ्यंग, स्नान, म्हशीचे दूध, डोक्यास तेल, मनास रुचेल असे गायन आणि सुखकर शय्या हे साधे उपाय त्यांनी सुचविले आहेत.

परंतु सर्वांची मने एका साच्याची नसतात. वात, पित्त, कफ हे शरीराचे दोष, तसे रज आणि तम हे मनाचे. सत्त्वाच्या भेदाने चरकाने माणसांचे सोळा प्रकार वर्णिले: सात्त्विक सात, राजस सहा, तामस तीन. तापट माणसाला जो उपदेश मानवेल, तो खिन्न माणसाला मानवेलच असे नाही. मनोविकारावर ज्ञान, धैर्य, स्मृती यांच्याबरोबर समाधी, म्हणजे चित्ताची एकाग्रता, हाही उपाय त्यांनी सांगितला. अहितकर विषयांपासून मन आवरणे, यास ते सत्त्वावजय म्हणतात.

आता एक नाजूक गोष्ट. कलबुर्गी जिल्ह्यात भीमा-अमरजा संगमावर गाणगापूर आहे. झोप उडालेली, भ्रमिष्ट झालेली माणसे घेऊन कित्येक कुटुंबे श्रीदत्तचरणी येतात. त्यांच्या श्रद्धेचा उपहास करण्याचे कारण नाही. शांत स्थळी केलेल्या जपाने मन स्थिरावू शकते. मात्र चरकाचार्यांनीच स्पष्ट म्हटले आहे की, मनुष्य स्वतः आधी पीडित झालेला नसेल, तर देव वा पिशाच्च त्याला पीडा देत नाहीत. मूळ प्रज्ञापराधात आहे. भूतबाधा मानणाऱ्या काळातील हा विचार किती धीट! आपण त्याच्याही एक पाऊल पुढे जावयास हवे. दोष देवाचा नाही, तसा तो रोग्याचाही नाही. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

म्हणून घरातील कोणी रात्रीमागून रात्री जागत असेल, एकटाच बोलत असेल, जिवाला कंटाळल्याची भाषा करीत असेल, तर दुधा-तेलाच्या उपायावर दिवस घालवू नयेत. दर्शन जरूर घ्यावे, पण डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. मनोरुग्णास साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने निषिद्ध ठरविले आहे. १४४१६ या सरकारी दूरध्वनी क्रमांकावर सल्लाही मिळतो.

लाजेपोटी दार लावून घेतलेल्या घरात ना वैद्य शिरतो, ना झोप. ते दार आधी उघडावे.