पन्हळीचे पाणी पायापासून दूर न्या

पत्र्याचे छप्पर घातले, कडेला पन्हळ बसविली आणि कोपऱ्यावर उभा नळ सोडला, म्हणजे छपराच्या पाण्याची व्यवस्था पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः काम तेथे अर्धेच झालेले असते. पन्हळ नसताना जे पाणी पागोळ्यांवाटे सबंध वळचणीभर विखरून पडते, तेच पन्हळ बसविल्यावर एका कोपऱ्यात, एकाच जागी, जोराने पडू लागते. नळ जोत्याच्या पायथ्याशीच संपत असेल, तर पन्हळीने घराचे रक्षण होण्याऐवजी हानीच होते. जळगाव व धुळे जिल्ह्यांत काळ्या जमिनीवर बांधलेल्या घरांच्या, गोठ्यांच्या व गोदामांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

काळ्या जमिनीचा स्वभाव

तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील भारी काळी जमीन कापसास मानवते. पण इमारतीच्या पायास ती तितकी मानवत नाही. तिच्यातील चिकणमाती पाणी शोषून फुगते व वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा याच गुणधर्मामुळे पडतात. इमारतीखालची सर्व जमीन सारखीच फुगली, तर फारसा उपद्रव होत नाही. परंतु नळाखालचा एकच कोपरा भिजून फुगला आणि मधली जमीन कोरडी राहिली, तर पाया असमान उचलला जातो. दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात, दारे घट्ट होतात, गिलावा सुटतो. अशी भेग केवळ सिमेंटने बुजविली, तर पुढील वर्षी ती पुन्हा उघडते. कारण दोष भिंतीत नसून पाण्याच्या वाटेत असतो.

पाणी किती येते?

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी मिळते. ६० चौरस मीटर छपरावर ताशी ६० मिलिमीटर वेगाची सर आली, तर दर सेकंदास एक लिटर पाणी पन्हळीत उतरते. म्हणून नळ अरुंद असून चालत नाही. १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा नळ साधारण ५० चौरस मीटर छपरास पुरेसा समजावा. छप्पर त्याहून मोठे असल्यास दोन नळ द्यावेत. पन्हळीस दर मीटरला अर्धा ते एक सेंटिमीटर उतार नळाच्या दिशेने असावा आणि नळाच्या तोंडावर पाला अडविणारी जाळी बसवावी.

जोडणी कशी करावी?

१. वरच्या नळाचे टोक नेहमी खालच्या नळाच्या रुंद तोंडात बसले पाहिजे. उलट जोडल्यास प्रत्येक सांध्यातून पाणी भिंतीवर झिरपते.

२. वळचण भिंतीच्या पुढे आलेली असते. तेथून नळ भिंतीकडे आणताना काटकोनी बाक न वापरता ४५ अंशांचे दोन बाक वापरावेत. काटकोनात पाला अडकून नळ तुंबतो.

३. पी.व्ही.सी. नळ सरळ कापून कापलेली कड कानशीने घासावी. सर्व तुकडे प्रथम कोरडेच जुळवून पाहावेत. नंतर दोन्ही पृष्ठभाग पुसून चिकटद्रव्य लावावे, नळ किंचित फिरवीत पूर्ण आत दाबावा व अर्धा मिनिट धरून ठेवावा.

४. दर दीड ते दोन मीटरवर भिंतीत पकड बसवावी. पाण्याने भरलेल्या नळाचे ओझे सांध्यांवर येऊ देऊ नये.

५. दोन नळ एकत्र करावयाचे असल्यास पुढचा नळ अधिक व्यासाचा घ्यावा आणि जोड प्रवाहाच्या दिशेने तिरपा द्यावा.

नळ पुढे किती न्यावा?

उभ्या नळाच्या खालच्या टोकास मोठ्या वळणाचा बाक जोडून तेथून आडवा नळ सुरू करावा. मुरमाड जमिनीत तो जोत्यापासून किमान दीड मीटर, तर भारी काळ्या जमिनीत किमान तीन मीटर दूर न्यावा. दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार ठेवावा. गवंडी वापरतात त्या पारदर्शक पाणनळीने उतार तपासता येतो. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. नळ पुरावयाचा असल्यास चराच्या तळाशी वाळू किंवा बारीक मुरूम पसरून त्यावर तो ठेवावा, म्हणजे माती फुगल्याने सांधे निखळणार नाहीत. प्रत्येक वळणावर झाकणाची लहान कुंडी बांधल्यास गाळ काढणे सोपे जाते. टोकाशी पाणी पडते तेथे दगडी फरशी बसवावी.

पाणी शेवटी कोठे सोडावे?

वार्षिक सरासरी पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि वाया जाणारा पाचवा हिस्सा वजा केला, तरी वरील ६० चौरस मीटर छपरावरून सुमारे ३३,००० लिटर पाणी मिळते. धुळ्याच्या कमी पावसाच्या भागात ते याहून कमी मिळेल. एवढ्या पाण्यावर केळीची बाग होणार नाही. पण बैलजोडीस रोज ९० लिटर लागतात असे मानले, तर सुमारे वर्षभराच्या पिण्याइतके हे पाणी आहे. ते सर्व साठविणे बहुतेकांस शक्य नसते. तथापि काही भाग झाकलेल्या हौदात व उरलेला विहिरीत घेता येतो. रावेर व यावल तालुक्यांत, जेथे केळीसाठी भूजलाचा उपसा मोठा आहे, तेथे हे विशेष इष्ट होय.

विहिरीत पाणी थेट सोडू नये. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी व सर्वांत वर जाड वाळू अशा गाळणकुंडीतून ते न्यावे. मोसमातील पहिल्या पावसाचे पाणी धूळ व पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते. त्यासाठी नळावर वेगळी वाट ठेवून ते बाहेर सोडावे. शोषखड्डा करावयाचा असल्यास तो मुरूम लागेपर्यंत खोल व इमारतीपासून दूर असावा. काळी माती एकदा फुगली की पाणी फारसे मुरू देत नाही.

गोठ्याच्या छपराचे पाणी अंगणातून वाहू देऊ नये. ते उकिरड्यात शिरल्यास खतातील नत्र धुऊन जाते आणि तेच घाण पाणी पुढे विहिरीत उतरते. छपरावरचे स्वच्छ पाणी व गोठ्यातले सांडपाणी यांच्या वाटा अगदी स्वतंत्र ठेवाव्यात.

पावसाळ्यापूर्वीची तपासणी

आखाजी ते मृग हा काळ या कामास योग्य होय. पन्हळीतील पाला काढावा, जाळी व कुंड्या साफ कराव्यात आणि वरून दोन-चार घागरी पाणी ओतून प्रत्येक सांधा पाहावा. पहिल्या मोठ्या पावसात बाहेर येऊन पाणी नेमके कोठे पडते, हेही अवश्य पाहावे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या इमारतीवर, शक्यतो शाळेवर किंवा सोसायटीच्या गोदामावर, अशी जोडणी प्रथम करून दाखवावी. तीन मीटर नळ व एक बाक यांस होणारा खर्च, तडकलेली भिंत पुन्हा उभारण्याच्या खर्चापुढे अगदी क्षुल्लक आहे.