सरासरी जास्त आली, पण फरक खरा आहे का?

परवा शेतकी कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याचा फोन आला. "मामा, नव्या खताच्या पाच वाफ्यांची सरासरी जुन्या खताच्या पाच वाफ्यांपेक्षा जास्त आली. म्हणजे खत चांगलं ना?"

मी उलट विचारलं, "एकाच खताच्या वाफ्यावाफ्यांत फरक किती आहे?"

टी-टेस्टचं सगळं मर्म इथेच आहे. दोन सरासरींमधला फरक घ्यायचा आणि त्या फरकाच्या स्टँडर्ड एररने भागायचं. येतो तो टी. आकडे विखुरलेले असले की टी लहान होतो, वाफे वाढवले की साधारणपणे मोठा.

ही पद्धत चक्क बिअरच्या कारखान्यातली! डब्लिनच्या गिनेसमध्ये विल्यम गॉसेटला मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढावे लागत. १९०८ मध्ये त्याने 'बायोमेट्रिका'त 'स्टुडंट' या टोपणनावाने लेख छापला.

नमुने कमी, तितका पुरावा भक्कम हवा. पाच-पाच वाफे असतील तर ५ टक्के पातळीवर टी (उणे चिन्ह सोडून) २.३०६ च्या पुढे जायला हवा. नमुने भरपूर असते तर १.९६ पुरला असता.

आता पी-व्हॅल्यू. ती ०.०३ आली म्हणजे 'खत चांगलं असण्याची शक्यता ९७ टक्के' असं अजिबात नाही! खतांत मुळात फरकच नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के, इतकंच.

आणि हो, त्याच रुग्णांचा औषधाआधीचा व नंतरचा रक्तदाब तपासायचा असेल तर पेअर्ड टी-टेस्ट वापरा.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये कुठली टेस्ट लावायची असा घोळ असेल, तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.